मिरचीचे माहेर, मिरचीचे सासर

खान्देशी माणसाला परमुलखात सर्वांत आधी कशाची आठवण होत असेल, तर ती घरच्या तिखटाची. पुण्या-मुंबईकडे चार दिवस काढले, की 'जीभ अळणी झाली' अशी तक्रार सुरू होते. आणि घरातला मुलगा नोकरीसाठी अमेरिकेला निघाला, की आई त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये मसाल्याच्या पुड्या अशा काही दडवते, की जणू साता समुद्रापलीकडे मिरचीचे नावच कोणी ऐकलेले नाही! गोऱ्या लोकांचे जेवण म्हणजे पाव, लोणी, उकडलेले बटाटे आणि वर चिमूटभर मिरपूड, ही समजूत जळगाव-धुळ्याकडे आजही पक्की आहे.

गंमत अशी, की ज्या मिरचीच्या भरवशावर आपण अमेरिकेच्या जेवणाला नाक मुरडतो, ती मिरची मूळची तिकडचीच. आपल्या ठेच्याचीच गोष्ट घ्या. ठेच्याइतका अस्सल गावरान पदार्थ दुसरा कोणता? पण त्यातली मिरची मेक्सिकोकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, आणि लसूण मध्य आशियातून आलेला. म्हणजे मीठ तेवढे आपले! भाजीतला टोमॅटो, परसातला पेरू आणि चुलीवर भाजलेला मका हीसुद्धा त्याच खंडातली पाहुणे मंडळी. पण त्यांना पाहुणे म्हणण्याची आज कोणाची छाती होणार नाही. आणि मिरचीला तर नाहीच नाही. लेक सासरी गेली, तिथे रुळली, घराची चावी तिच्या कमरेला आली; आता तिचे माहेर कोणते, हे सासरच्यांनाही आठवेनासे झाले. आखाजीला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात. मिरचीला मात्र चारशे-पाचशे वर्षांत कोणी माहेरी धाडलेले नाही.

तेव्हा आज आपणच जरा तिच्या माहेरी डोकावून येऊ. तिकडे ती कशी नांदते, कोणाच्या चुलीवर शिजते, तिच्या नावाने कोणते पदार्थ गाजतात, हे पाहिले, तर आपल्या शेवभाजीकडे आणि भरिताकडेही थोड्या वेगळ्या नजरेने पाहता येईल.

बारसे मिऱ्याच्या नावाने

मेक्सिकोतले लोक हजारो वर्षांपासून मिरची पिकवत आले. त्यांच्या नावातलेच 'चिली' हे इंग्रजीत रूढ झाले. १४९२ साली कोलंबस निघाला होता हिंदुस्थानचे मिरे शोधायला, पोचला भलतीकडेच. तिथे त्याला तिखट लागणारी ही लाल शेंग मिळाली आणि त्याने तिला मिऱ्याचेच नाव देऊन टाकले. म्हणून इंग्रजीत आजही काळे मिरेही 'पेपर' आणि मिरचीही 'पेपर'! आपणही फार वेगळे केले नाही. संस्कृतातले 'मरीच', त्याचे 'मिरे', आणि मिऱ्यासारखी झोंबते म्हणून 'मिरची'. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वस्तूचे बारसे झाले, आणि दोन्हीकडे मिऱ्याच्याच नावाने.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्याच गलबतांतून सोळाव्या शतकात मिरची आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपला स्वयंपाक अळणी होता असे नव्हे. मिरे होते, पिंपळी होती, आले आणि मोहरी होती. पण मिऱ्याचा वेल वाढतो मलबारच्या पावसात. खान्देशातल्या कोरड्या उन्हात तो कुठून तग धरणार? शिवाय मिऱ्याला साऱ्या जगाचे गिऱ्हाईक. त्यामुळे ते सोन्याच्या मोलाचे. ज्याच्या घरी वर्षाकाठी चार पैसे उरत नसत, त्याने मिरे घ्यायचे कसे?

मिरचीचे तसे नाही. परसात दोन रोपे लावली, न्हाणीचे पाणी वळवले, की घरापुरती मिरची झाली. बी पुढच्या वर्षाला घरचेच. उन्हात वाळवली की वर्षभर टिकते. जिभेला चव आणायला राजे-सावकारच असायला हवे, ही अट मिरचीने मोडून काढली. मसाला प्रथमच गरिबाच्या हाती आला. मिरची इतक्या झपाट्याने देशभर पसरली, त्याचे मर्म तिच्या झणझणीतपणापेक्षा या स्वस्ताईत अधिक आहे.

आणि तिने नुसती चवच दिली नाही. सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात भरपूर क जीवनसत्त्व काढले, ते लाल मिरचीच्या एका जातीतून. १९३७ सालच्या त्याच्या नोबेल पारितोषिकात या संशोधनाचा वाटा होता. भाजी परवडत नसलेल्या घरात भाकरीबरोबर हिरवी मिरची चावणारा शेतकरी अजाणतेपणी शहाणपणच करत होता, असे म्हणायला हवे.

तापीच्या खोऱ्यातली सून

खान्देशात मिरची अशी काही स्थिरावली, की इथल्या जेवणाचा कणाच तिच्याभोवती उभा राहिला. जमीन काळी, कापसाची. पाणी बेताचे, ऊन रणरणते. पोटाला ज्वारी-बाजरीची भाकरी, नाहीतर ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी. ही भाकरी भक्कम खरी, पण कोरडी. ती घशाखाली उतरायची तर जिभेला पाणी सुटले पाहिजे, आणि ते काम मिरचीसारखे दुसरे कोण करणार? दिवसभर कपाशीत राबून आलेल्या माणसासाठी तिखट हा षोक नव्हता. भाकरी खाण्याचे ते साधन होते.

त्यातून एकेक पदार्थ घडत गेला, आणि ते सारे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते : ताजी भाजी नसेल त्या दिवसासाठी ते केलेले आहेत. हरभऱ्याचे पीठ शिजवून थापायचे, त्याच्या वड्या कापून झणझणीत रश्श्यात सोडायच्या, की झाली पाटोडी. तेवढाही वेळ नसेल तर पीठ कालवून त्याचे गोळे थेट उकळत्या रश्श्यात टाकायचे. ते बुडताना जो आवाज होतो, तोच आवाज 'डुबुक वडे' या नावात उतरला. आणि घरात तयार शेव असेल, तर शेवभाजी. तिखट जाड शेव रश्श्यात अगदी पानावर घेताना घालायची. आधी घातली तर लगदा होतो, हे खान्देशातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असते. डाळी भिजवून, वाटून, वाफवलेले फुणके आणि त्यांच्यासोबत कढी, वरण-बट्टी, डाळ घालून घोटलेली हिरव्या मिरच्यांची भाजी, ज्यात मिरची ही चवीला नसून चक्क भाजी म्हणून असते! बाहेरगावचा पाहुणा हे ऐकूनच घाम पुसतो.

भरिताची बात और. जळगावकडची मोठी, हिरवी-पांढरट वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची. म्हणजे शेताने दिलेली वांगी, आणि शेतानेच दिलेला जाळ. मग लाकडी भांड्यात ठेचून त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. लाल तिखट इथे चालत नाही. रश्श्याला लाल आणि भरिताला हिरवी, हा इथला न लिहिलेला कायदा आहे.

पण या सर्वांचा खरा जीव आहे तो काळ्या मसाल्यात. कांदा निखाऱ्यात काळा होईस्तोवर भाजायचा, सुके खोबरे जाळावर धरायचे. धने, लवंग, दालचिनी, तमालपत्र, मसाला वेलची, दगडफूल हे सारे वेगवेगळे भाजून मग आले-लसणासह पाट्यावर वाटायचे. ज्याला बाहेरचे लोक 'खान्देशी तिखट' म्हणतात, ते खरे म्हणजे तिखट नसतेच. तो असतो भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा खमंगपणा, आणि मिरची त्याच्या पाठीशी उभी असते. नुसती मिरची वाढवून खान्देशी चव येत असती, तर काय हवे होते!

ही मिरची येते कुठून, हे पाहायचे असेल तर हिवाळ्यात नंदुरबारला जावे. १९९८ पर्यंत हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. आता स्वतंत्र जिल्हा. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते. नजर जाईल तिथवर जमीन लालेलाल! दोंडाईच्याचा मिरचीबाजारही असाच नावाजलेला. पथारीवर मिरची पसरणाऱ्या, निवडणाऱ्या, देठ खुडणाऱ्या मजूर बहुतेक बाया. त्यांच्या बोटांची आग पाण्याने जात नाही. म्हणून हाताला तेल चोळून त्या कामाला बसतात. अवकाळी पावसाची एक सर आली, की पथारीवरचा माल काळा पडतो आणि व्यापाऱ्याच्या पैशाबरोबर त्यांची रोजीही जाते. आपल्या ताटातल्या तर्रीला एवढा इतिहास असतो.

माहेरची मंडळी

आता समुद्र ओलांडू. नंदुरबारच्या पथाऱ्यांची आठवण यावी असा मुलूख अमेरिकेत आहे, आणि त्याचे नाव न्यू मेक्सिको. एकेकाळी हा मेक्सिकोचाच भाग. १८४८ साली युद्धानंतर तो अमेरिकेकडे गेला. कोरडी हवा, कडक ऊन, नदीकाठची शेती. शरद ऋतूत तिथल्या घरांच्या दारांवर लाल मिरच्यांच्या लांबच लांब माळा वाळत लटकतात. हॅच नावाच्या खोऱ्यात हिरव्या मिरच्यांचा हंगाम आला, की रस्त्याकडेला जाळीचे मोठे पिंप जाळावर फिरवून त्यात मिरच्या भाजतात आणि साऱ्या गावात तो खमंग वास दरवळतो. तिथल्या खानावळीत बसलात, की वाढपी पहिला प्रश्न विचारतो : 'रेड ऑर ग्रीन?' तांबडी की हिरवी? दोन्ही हव्या असतील तर म्हणायचे, 'ख्रिसमस!' हा प्रश्न तिथे इतका जिव्हाळ्याचा, की विधिमंडळाने तो राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून जाहीर केला आहे. रश्श्याला लाल आणि भरिताला हिरवी म्हणणाऱ्या आपल्या बायांना हे ऐकून नवल वाटणार नाही. त्या म्हणतील, 'मग, बरोबरच आहे की!'

शेजारचे टेक्सास राज्यही पूर्वी मेक्सिकोत होते. तिथला 'चिली कॉन कार्ने' म्हणजे मिरचीतले मांस. सुक्या लाल मिरच्या, लसूण आणि चक्क आपले जिरे घालून तासन् तास शिजवलेला तांबडा रस्सा. त्यात राजमा घालावा की घालू नये, यावरून टेक्सासवाले हातघाईवर येतात. खऱ्या चिलीत राजमा नाही म्हणजे नाही, हा त्यांचा हट्ट. १९७७ साली त्यांनी हा पदार्थ राज्याचा पदार्थ म्हणून ठरावच केला. शेवभाजीत टोमॅटो घालावा की नाही यावर आपल्याकडे अजून विधानसभेत चर्चा झालेली नाही, एवढाच फरक!

पूर्वेला लुइझियाना. तिथल्या 'गंबो'ची गोष्ट तर ऐकण्यासारखी. हे नाव आफ्रिकेतल्या भाषांतून आले आणि त्याचा अर्थ आहे भेंडी! गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांनी आपल्याबरोबर भेंडी आणि तिची आठवण आणली; फ्रेंचांनी पीठ तेला-तुपात परतून रस्सा दाट करण्याची रीत दिली; तिथल्या मूळ रहिवाशांनी एका झाडाच्या पानांची पूड दिली; आणि मिरचीने या सर्वांना एका भांड्यात आणले. याच मुलखात एव्हरी नावाच्या मिठाच्या टेकाडावर एडमंड मॅकिलहेनी याने १८६८ साली लाल मिरची, मीठ आणि व्हिनेगर यांचे एक आंबवण बाटलीत भरून विकायला काढले. तेच जगप्रसिद्ध 'टबॅस्को'. मिरचीचा तो लगदा लाकडी पिंपांत तीन-तीन वर्षे मुरवतात, वर मिठाचा थर देऊन. आपल्या लोणच्याच्या बरणीचेच हे दूरचे नातेवाईक.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या 'हॉट चिकन'ची कथा मात्र खास घरगुती आहे. १९३० च्या दशकात थॉर्नटन प्रिन्स नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ तिथे राहात असे. स्वभाव रंगेल. एका शनिवारची रात्र बाहेर काढून तो पहाटे परतला, तेव्हा घरातल्या बाईने काही न बोलता त्याच्यासाठी कोंबडी तळली आणि सूड म्हणून तिच्यावर तिखटाचा असा काही मारा केला, की पुन्हा तो उंबरठा ओलांडणार नाही! पण झाले भलतेच. त्याला ती एवढी आवडली, की त्याने भावांना खिलवली आणि पुढे दुकानच थाटले. ते दुकान घराण्यात चालत राहिले, आणि २०१३ साली त्याला देशातला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. कथेत तिखट-मीठ किती लावलेले आहे, ते देव जाणे. पण घराणे तिलाच आपली जन्मकथा मानते.

आणि 'बफेलो विंग्ज'? नाव वाचून म्हशीला पंख फुटले की काय, असे वाटेल. बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातले गाव. १९६४ साली तिथल्या अँकर बारच्या तेरेसा बेलिसिमो या बाईंनी रात्री उशिरा आलेल्या मुलाच्या मित्रांसाठी कोंबडीचे पंख तळले आणि तिखट सॉस व लोण्यात घोळवून पुढे ठेवले, अशी प्रसिद्ध हकिकत आहे. त्याआधी हे पंख कोणी मानाने वाढत नसे. ते रस्सा उकळायला जात. सोबत गारगार चीजची चटणी आणि सेलरीच्या काड्या. जाळ आणि त्याच्यावर उतारा एकाच ताटात!

चुलीपाशी कोण होते?

या सगळ्या पदार्थांकडे जरा नीट पाहा. न्यू मेक्सिकोतले शेतकरी, टेक्सासमधल्या मेक्सिकन वस्त्या, लुइझियानातले गुलाम, नॅशव्हिलची कृष्णवर्णीयांची आळी, बफेलोतला साधा बार. अमेरिकेतले एकही गाजलेले तिखट पक्वान्न श्रीमंताच्या हवेलीत जन्मले नाही. जिथे चांगले मांस परवडत नव्हते, जिथे ताटात फारसे काही नव्हते, तिथेच मिरची कामाला आली. तीच गोष्ट तापीच्या खोऱ्यात घडली. दोन मुलखांची भाषा वेगळी, देव वेगळे; पण तिखटाचा जन्म दोन्हीकडे एकाच घरात झालेला आहे, आणि ते घर कष्टकऱ्याचे आहे.

आणि चुलीपाशी बहुधा बाई होती. टेक्सासच्या सॅन अँटोनियो शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संध्याकाळ झाली, की चौकांत कंदील लागत, लांब मेजे मांडली जात आणि मेक्सिकन बाया घरून शिजवून आणलेली चिली वाढायला उभ्या राहात. त्यांना सारे गाव 'चिली क्वीन्स', म्हणजे मिरचीच्या राण्या, म्हणत असे. गाडीवान, शिपाई, प्रवासी, पुढारी सारे त्याच मेजाभोवती बसत. १८९३ साली शिकागोला कोलंबसाच्या सफरीची चारशे वर्षे साजरी करणारे प्रचंड प्रदर्शन भरले. आपल्याला ते वर्ष ठाऊक आहे, ते त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेतील विवेकानंदांच्या भाषणामुळे. त्याच प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचेही दुकान होते; तिथून तिची कीर्ती देशभर गेली.

पण पुढे काय झाले? त्याच दशकात टेक्सासमधल्या विल्यम गेभार्ट या जर्मन उपाहारगृहवाल्याने मिरची हंगामातच मिळते ही अडचण ओळखून सुकी मिरची, जिरे, लसूण वगैरे एकत्र दळून बाटलीबंद 'चिली पावडर' काढली. सोय झाली, यात शंका नाही. वर्षभर, कोणालाही, कुठेही चिली करता येऊ लागली. मग डबाबंद चिलीही आली. इकडे चौकातल्या राण्यांमागे नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचे नियम लागले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची मेजे उठली. पदार्थ राहिला, तो राज्याचा मानचिन्ह झाला, पण ज्यांनी तो घडवला, त्यांतल्या बहुतेकींची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. नॅशव्हिलच्या कथेत प्रिन्सचे नाव आहे. कोंबडी तळणाऱ्या त्या बाईचे नाही.

आगीचे माप आणि आगीचा खेळ

इथे तिखट म्हणजे नेमके काय, हेही समजून घ्यावे. आंबट, गोड, खारट यांसारखी ती जिभेची चव नव्हेच. मिरचीत 'कॅप्सेसिन' नावाचे द्रव्य असते. ते बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरांत अधिक. उष्णतेने भाजल्याची खबर मेंदूला देणारे जे मज्जातंतूंवरचे द्वार, तेच हे द्रव्य उघडते. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी हे द्वार शोधून काढले आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजत नाही. भाजल्याची फक्त वर्दी जाते! हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाणी पिऊनही आग शमत नाही. दुधा-दह्यातली प्रथिने आणि स्निग्धांश ते उचलून नेतात. बफेलोवाल्यांची चीजची चटणी आणि आपल्या फुणक्यांबरोबरची कढी यांमागचे शास्त्र एकच आहे. आजीने ते प्रयोगशाळेत न जाताच ओळखले होते.

या आगीचे माप काढले ते विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने, १९१२ साली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला म्हणजे तिखट लागेनासा होतो, हे तो चाखणाऱ्यांकडून ठरवून घेई. त्यावरून आकडे आले. पिझ्झ्यावर दिसणारी हालापेनो मिरची अडीच ते आठ हजार. आसामकडची भूत जोलोकिया दहा लाखांवर. २००७ साली तिने गिनीज बुकात विक्रम नोंदवला. त्यानंतर विक्रमांची चढाओढच लागली आणि २०२३ साली अमेरिकेतल्या 'पेपर एक्स' नावाच्या वाणाने जवळजवळ सत्तावीस लाखांचा आकडा गाठला.

हा आकडा भाकरीबरोबर खायचा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही! कारण तो खाण्यासाठी नाहीच. तो पैज मारण्यासाठी आहे. २०२३ सालीच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातला एक चौदा वर्षांचा मुलगा अतितिखट वेफर खाण्याच्या पैजेनंतर दगावला. त्याच्या हृदयात जन्मजात दोष होता, असे पुढे तपासणीत दिसले. पण तिखटाचे निमित्त झाले, आणि ते वेफर कंपनीला बाजारातून काढून घ्यावे लागले. आपल्याकडच्या हॉटेलांतही हल्ली 'एक्स्ट्रा झणझणीत'ची भाषा वाढली आहे. मोबाइलवर चित्रफीत काढत, घाम आणि डोळ्यांतले पाणी दाखवत तर्री ओरपणारी पोरे दिसतात. खान्देशी जेवण म्हणजे सहनशक्तीची परीक्षा, असा गैरसमज यातूनच पसरतो. आणि गिऱ्हाइकाला लालभडक हवे म्हटल्यावर रंगाचा मोह होतोच. मिरचीपुडीत मिसळलेला सुदान नावाचा कृत्रिम रंग सापडल्याने २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले होते. लाल रंग म्हणजे चव नव्हे, आणि आग म्हणजे तर नव्हेच.

वहीत काय आहे?

आज खान्देशही त्याच वळणावर उभा आहे, जिथे सॅन अँटोनियो शंभर वर्षांपूर्वी होते. शेवभाजी पुण्यात, मुंबईत, महामार्गावरच्या ढाब्या-ढाब्यांवर पोचली, ही आनंदाची गोष्ट. तयार काळ्या मसाल्याची पाकिटे आली; नोकरी करणाऱ्या सुनेला त्यांचा आधार होतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पाट्यावर वाटून ज्यांचे मनगट दुखले, त्यांना पाटा-वरवंट्याचे गोडवे ऐकवणे हा कृतघ्नपणा होईल. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वांग्याचे नाव सरकारदप्तरी पक्के झाले. पण ते वांगे किती भाजायचे, मिरची कधी घालायची, कांदा निखाऱ्यातून कोणत्या क्षणी काढायचा, हे ज्या हातांना कळते, त्या हातांचे मानांकन कोणत्या दप्तरात आहे?

कारण काळा मसाला एक नाही. लेवा पाटलांच्या घरचा वेगळा, धुळ्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्या घरांतला वेगळा. सासूचा वेगळा आणि तोच शिकून आलेल्या सुनेचा आणखी वेगळा. दगडफूल चिमूटभर की मूठभर, यावर घराची ओळख ठरते. पाकिटात या सगळ्यांची एक सरासरी येते. सरासरी चविष्ट असू शकते; पण ती कोणाच्याच घरची नसते. आणि घरोघरचे हे प्रमाण कुठेही लिहिलेले नाही. 'अंदाजाने घाल' या दोन शब्दांत ते पिढ्यान् पिढ्या चालत आले. ज्या बाईच्या अंदाजावर घर जेवले, ती गेली की अंदाजही जातो.

अमेरिकेने आपल्या तिखट पदार्थांचा मान राखला, असे म्हणता येते. ठराव केले, पुरस्कार दिले, जत्रा भरवल्या. पण राण्या हरवल्या त्या हरवल्याच. आपल्याकडे ठराव नाहीत, पण राण्या अजून आहेत. कोणाच्या घरी आई आहे, कोणाच्या घरी आजी, कोणाच्या शेजारी लग्नाकार्यात मसाला उचलणारी काकू. यंदाच्या उन्हाळ्यात मिरच्या वाळत पडतील, देठ खुडले जातील, तेव्हा घरातल्या कोणीतरी वही-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसावे. ती 'अंदाजाने' म्हणेल. तेव्हा तिच्या मुठीतले वाटीत घालून मोजावे. पानाच्या माथ्यावर तिचे नाव लिहावे, गाव लिहावे. परदेशी निघालेल्या लेकाच्या बॅगेत मसाल्याच्या पुडीबरोबर ते पानही जाऊ द्यावे. पुडी चार महिन्यांत संपते. आणि मिरची काय, ती त्याला तिथेही मिळेल. माहेरच आहे ते तिचे.